‘अजून थोडं जवळ’ : घरच्या काळूपासून भिगवणच्या रोहितांपर्यंत

ज्यांनी हा भाग कानांनी ऐकलाय त्यांना माहितीये की मधेच कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत आणि एकदा नवरा दार न वाजवता खोलीत आलाय. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका. ‘म्हणजे काय ना’ हे मी जितक्या वेळा म्हणते तेही गाळलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय, थोडं झाडूनपुसून.

आम्ही नवरा-बायको मिळून प्राण्यांचे, पक्ष्यांचे, रानाचे फोटो काढतो हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. दोघांच्या नोकऱ्या वेगळ्याच आहेत, हे शनिवार-रविवारचं वेड. त्यावर एक अख्खा भाग करा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, आणि सोबत आलेला प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा एकच: कॅमेरा कुठला घेऊ? उत्तर शेवटपर्यंत ताणत नाही. जो हाताशी आहे तो. मोबाइल असेल तर मोबाइल. आणि पहिला मॉडेल म्हणून घरातला कुत्रा, मांजर, नाहीतर समोरच्या आंब्यावरची खार. महागडी लेन्स घेऊन थेट ताडोबाला गेलेले लोक मी पाहिलेत. वाघ समोर येतो तेव्हा त्यांची बोटं कॅमेऱ्यावर चाचपडत असतात. वाघ काही थांबत नाही. घरचं मांजर रोज त्याच खिडकीत बसतं, त्याच्यावर शंभर वेळा चुकता येतं.

आम्ही चुकलो ते काळूवर. काळू आमचा गावठी कुत्रा, सोसायटीच्या पार्किंगमधून एका पावसाळ्यात घरात आला आणि मग घर त्याचंच झालं. नावाप्रमाणे कुळकुळीत काळा. पहिल्या वर्षातले त्याचे सगळे फोटो मी आता काढून बघते तर त्यात एक राखाडी कुत्रा दिसतो. आम्हाला वाटायचं कॅमेरा बिघडलाय.

कॅमेरा बिघडलेला नसतो. कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर एक गोष्ट गृहीत धरून चालतं: समोरचं दृश्य सगळं मिळून साधारण मधल्या करड्या छटेचं आहे. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण काळ्या कुत्र्यानं चौकट भरली की मीटरला वाटतं, अरे, इथे फार अंधार आहे, उजेड वाढवूया. आणि काळू राखाडी होतो. त्याला ‘उजेड कमी कर’ हे आपण सांगायचं. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाची सोय असते, ती उणे ०.७ किंवा उणे १ वर न्यायची. मोबाइलमध्ये कुत्र्यावर बोट टेकवलं की बाजूला छोटा सूर्य किंवा पट्टी येते, ती खाली ओढायची. झालं. पांढऱ्याशुभ्र पामेरियनला याच्या बरोबर उलट, अधिक करायचं, नाहीतर तो मळकट दिसतो.

हे मी इतकं विस्तारानं सांगतेय कारण पुढे बगळा आला की हाच नियम उलटसुलट होतो आणि तिथे लोक अडकतात. बगळा पांढरा, म्हणजे अधिक करायचं ना? तो जवळ असेल आणि चौकट भरत असेल तर हो. पण तो लांबवर काळपट पाण्यात एकटा उभा असेल तर मीटर पाण्याकडे बघतं, ते काळं आहे म्हणून उजेड वाढवतं, आणि बगळ्याची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. तिथे उणे. थोडक्यात, प्राण्याचा रंग कुठला यापेक्षा चौकटीत जास्त जागा कशानं व्यापलीय ते बघायचं.

दुसरी चूक उंचीची. आपण उभ्या उभ्या खाली बघून फोटो काढतो. त्यात कुत्र्याचं डोकं मोठं, पाय काड्यांसारखे आणि मागे फरशी. जमिनीवर पालथं पडा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आला की तोच कुत्रा, तीच फरशी, पण फोटो एकदम त्याच्या जगातला होतो. नवऱ्याच्या सगळ्या जुन्या टी-शर्टांचे कोपर आणि पोट यामुळे गेलेत. (नवरा मागून: “फक्त जुन्या नाही.”)

उजेडाचं म्हणाल तर फ्लॅश नको. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे त्यांना अंधारात आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसतं. फ्लॅश मारला की तो थर हिरवा-पिवळा चमकतो आणि घरचा लाडका भुतासारखा दिसतो. त्यापेक्षा त्याला दाराच्या किंवा खिडकीच्या जवळ, उजेड एका बाजूनं पडेल असं बसू द्या. डोळ्यात खिडकीचा एक छोटा ठिपका चमकला पाहिजे. तो ठिपका नसेल तर डोळा काचेच्या गोटीसारखा निर्जीव वाटतो. मोबाइलवाल्यांसाठी अजून एक: फार जवळ जाऊ नका, नाक बटाट्याएवढं येतं. दोन पावलं मागे सरका आणि दोनपट झूमची लेन्स वापरा. आणि पोर्ट्रेट मोडवर फार विसंबू नका, तो मिशा आणि कानाचे केस मागच्या धुक्यात मिसळून टाकतो.

लक्ष वेधायला चित्रविचित्र आवाज काढतात, ते दोन-तीनदाच चालतं. चौथ्या वेळी कुत्रा तुमच्याकडे ‘तुझं काय चाललंय’ अशा नजरेनं बघतो. ज्या आवाजानं मान तिरकी होते तो शेवटच्या फोटोसाठी राखून ठेवावा.

आता दिवाळीची गोष्ट. काळू तीन वर्षांचा असताना आम्ही त्याला झेंडूची माळ घातली, कपाळाला टिळा, डोक्यावर छोटी टोपी, आणि भोवती पणत्या. फोटो फारच सुंदर आला. नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. “किती गोड हसतोय!” असं मावशीनं लिहिलं.

चार-पाच वर्षांनी आम्ही कुत्र्यांच्या देहबोलीबद्दल वाचायला लागलो, आणि एक दिवस मी तो फोटो पुन्हा उघडला. कान मागे चिकटलेले. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, म्हणजे मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे. आधीच्या फोटोत जीभ नाकावर फिरतेय, त्याच्या आधीच्यात जांभई. झोप आलेली नसताना कुत्रा जांभई देतो, ओठ चाटतो, मान वळवतो, तेव्हा तो सांगत असतो की मला हे नकोय. तो हसत नव्हता. तो धापा टाकत होता. बाहेर फटाके चालू होते, जवळ जळत्या पणत्या होत्या, आणि त्याची आवडती दोन माणसं त्याला “बस, बस, हलू नकोस” म्हणत होती. म्हणून तो बसला.

ते कळल्यावर आम्ही घरात एक नियम केला: काळू उठून गेला की फोटो संपला. त्याला परत बोलवायचं नाही. गंमत म्हणजे त्यानंतर त्याचे फोटो चांगले यायला लागले, कारण जो कुत्रा कधीही उठून जाऊ शकतो तो निवांत पसरतो. त्याचे म्हातारपणातले फोटो, तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांत निळसर झाक आलेली, दुपारच्या उन्हाच्या पट्ट्यात झोपलेला, ते सगळे या नियमानंतरचे आहेत. तो गेला त्याला आता दोन वर्षं होतील. भिंतीवर तेच लावलेत. दिवाळीचा नाही.

बरं, आता घराबाहेर पडू. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवर भिगवण. उजनी धरणाच्या पाणलोटात हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पट्टकदंब असतात, नदीसुरय असतात, बगळे-करकोचे तर ढिगानं. स्थानिक मच्छीमारच होड्या चालवतात आणि त्यांची पाण्याची जाण आपल्या पुस्तकांपेक्षा चांगली असते.

होडीतून फोटो काढायचा म्हणजे काळूचीच शिकवण: खाली व्हा. आम्ही होडीच्या तळाला बसतो आणि काठावर एक कापडी पिशवी ठेवतो, तिच्यात दोन किलो तांदूळ. त्यावर लेन्स टेकवली की हात थरथरत नाही. ट्रायपॉड होडीत बिनकामाचा, कारण होडीच हलते. इंजिन चालू असेल तर सगळं थरथरतं, म्हणून पक्ष्यांपासून बरंच आधी इंजिन बंद करून वल्ह्यानं न्यायला सांगायचं. याचा दुसराही फायदा आहे, पक्षी घाबरत नाहीत. शटरचा वेग उभ्या पक्ष्याला सेकंदाचा ५०० वा भाग पुरतो, उडत्या पक्ष्याला १६०० ते २००० वा भाग लागतो.

पण नुसता गोठलेला उडता पक्षी आता सगळेच काढतात. क्रिएटिव्ह म्हणतात ते यापुढे सुरू होतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. सूर्योदयाच्या वेळी पक्ष्यांच्या आणि सूर्याच्या समोर बसा, आकाशावर उजेड मोजा, पक्षी काळे राहू द्या. रोहिताची मान इतकी सुरेख असते की नुसती बाह्यरेषा पुरते. फक्त दोन पक्षी एकमेकांवर चढलेले नकोत, नाहीतर चार पायांचं काहीतरी दिसतं. किंवा शटर मुद्दाम मंद करा, ३० वा किंवा १५ वा भाग, आणि उडत्या थव्याबरोबर कॅमेरा त्याच वेगानं फिरवत न्या. डोकं बऱ्यापैकी स्पष्ट, पंखांची रेघोटी, आणि मागचं पाणी ब्रशनं ओढल्यासारखं. पन्नासातले एकोणपन्नास फेकून द्यावे लागतात. एक राहतो. मला हा प्रकार आवडतो, नवऱ्याला मुळीच नाही. त्याला पिसन्‌पीस मोजता आलं पाहिजे. यावरून आमच्यात जे वाद होतात ते या भागात घेतले नाहीत.

भिगवणला पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हीही ते वाक्य म्हणालो होतो. “दादा, जरा जवळ घ्या ना. उडवा ना एकदा.” दादांनी होडी पुढे घेतली, थवा उडाला, गुलाबी-काळे पंख उघडले, आम्ही पटापट फोटो काढले, आणि फार खूश होऊन पाचशेची नोट वर दिली. यात दादांची काही चूक नाही, मागणी आमची होती.

रोहित खातात कसे ते बघा. डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवायची आणि पाणी-चिखल गाळून त्यातलं बारीक अन्न वेचायचं. असं तासन्‌तास चालतं, कारण घास बारीक असतो. त्यांना उडायला पाण्यावरून काही पावलं धावावं लागतं, त्याला बळ लागतं. एक होडी आली, उडवलं. दुसरी आली, उडवलं. रविवारच्या सकाळी किती होड्या असतात ते मोजा. आणि ते उडायच्या आधी सांगतात बरं का. आधी एकेक डोकं पाण्याबाहेर येतं, माना उंच होतात, खाणं थांबतं. मग सगळे एकाच दिशेनं चालायला लागतात. ती काळूची जांभई आहे. तिथे थांबायचं. थोडा वेळ होडी स्थिर ठेवली तर बहुतेक वेळा माना पुन्हा खाली जातात, आणि मग ते स्वतःहून तुमच्या दिशेनं चरत येतात. आमचे भिगवणचे सगळ्यात जवळून काढलेले फोटो असे आलेत, आम्ही न हलता.

आता जे सांगायचं म्हणून हा भाग केला ते सांगते. रेकॉर्डिंगला इथे मी जरा थांबले होते, ते तुम्ही ऐकलं असेल.

आमच्या बाल्कनीसमोर सोसायटीचं तगरीचं झाड आहे. एका मे महिन्यात त्यात लालबुड्या बुलबुलानं घरटं केलं, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ. वाटीएवढं घरटं, तीन पिल्लं. आई-बाबा दोघं अळ्या आणून भरवत होते. आम्ही बाल्कनीच्या दाराआड बसून फोटो काढायला लागलो. अडचण एकच, समोर दोन फांद्या पानांसकट आडव्या येत होत्या. चोचीत अळी आणि तीन उघडी तोंडं, असं सगळं जुळायचं आणि बरोबर मधे एक पान.

मी स्वयंपाकघरातली कात्री आणली. हो, मीच. नवऱ्यानं फांदी वाकवून धरली, मी कापली. दोनच फांद्या, करंगळीएवढ्या. त्या दिवशी जो फोटो आला तसा आम्ही आजवर काढलेला नाही. आईच्या पंखांवर सकाळचं ऊन, चोचीत हिरवी अळी, तीन तोंडं, आणि मागे सगळं मऊ हिरवं.

दोन दिवसांनी सकाळी चहा घेताना मला तगरीखाली भारद्वाज दिसला. आपल्याकडे भारद्वाज दिसणं शुभ मानतात. मी आनंदानं नवऱ्याला हाक मारली, “अरे, लवकर ये, भारद्वाज आलाय!” आम्ही दोघं कप हातात धरून बघत होतो. तो फांदी-फांदीनं वर चढला. बुलबुलं ओरडत त्याच्या डोक्यावरून फिरत होती. मग आम्हाला कळलं तो कुठे चाललाय. पाच मिनिटांत सगळं संपलं.

भारद्वाज पिल्लं खातो. त्याचं ते अन्न आहे, त्याच्यावर राग नाही. फांद्या कापल्या नसत्या तरी त्याला घरटं सापडलं असतं, असंही होऊ शकतं. नवरा तेव्हा हेच म्हणाला आणि ते खोटं नाही. पण घरटं दिसू नये म्हणूनच पक्षी पानांच्या आड जागा निवडतो. पानांचं काम दोन असतं, नजरेपासून लपवणं आणि उन्हापासून वाचवणं. कोवळ्या पिल्लांना मे महिन्याचं थेट ऊन तसंही घातक. आम्ही दोन्ही पडदे कापले होते आणि ते नजरेला मोकळं होतं म्हणून तर फोटो चांगला आला होता.

तो फोटो आम्ही त्याआधीच एका स्थानिक प्रदर्शनाला पाठवला होता. तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. आमचा पहिला निवडलेला फोटो. छपाईसुद्धा ते करणार होते. मी म्हटलं, मागे घेऊ. नवरा म्हणाला, “अगं, फोटो मागे घेतल्यानं पिल्लं परत येणारेत का?” नाही येणार. “कोणी विचारलंय का कसा काढला?” नाही विचारलं. “मग?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की तिथे उभं राहून लोक “किती सुंदर” म्हणतील तेव्हा तू काय म्हणशील ते मला आत्ता म्हणून दाखव. दोन दिवस आमच्यात फक्त ‘दूध आणलंस का’ एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी त्यानंच ईमेल केला, फोटो मागे घेतोय म्हणून, आणि कारणही लिहिलं. सगळं, कात्रीसकट. मला आधी दाखवलासुद्धा नाही. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार म्हणून.

तेव्हापासून घरट्यांचे फोटो बंद. अनेक छायाचित्र स्पर्धा आणि पक्षीमित्रांचे गट आता घरट्याचे फोटो घेतच नाहीत, ते नियम आम्हाला आधी जाचक वाटायचे. (नवरा: “मला अजूनही सरसकट बंदी पटत नाही. लांबून, लपून, काही न हलवता अभ्यासासाठी काढता येतो.”) बरोबर आहे त्याचं, येतो. पण आमच्या हातात कात्री होती हे मी विसरत नाही.

ही हाव आमच्या दोघांपुरती नाही. २०२४ संपता संपता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली, त्याची चित्रफीत तुम्ही बघितली असेल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमध्ये बसलेली माणसं वाईट होती असं मला वाटत नाही. प्रत्येकाच्या मनात तेच चाललं असणार, ‘अजून थोडं जवळ’.

आणि मोठमोठे लोकही यात सापडतात. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची जगप्रसिद्ध स्पर्धा. २००९ साली तिथे पहिला आलेला फोटो रात्री कुंपणाच्या फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा होता. अप्रतिम फोटो. पुढच्या वर्षी परीक्षकांनी तो बाद केला, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला, शिकवलेला होता असा निष्कर्ष निघाला. छायाचित्रकारानं ते नाकारलं, पण बक्षीस गेलं. २०१७ च्या विजेत्यांमधला मुंगीखाऊचा एक फोटोही असाच बाद झाला. तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं. तिथेही छायाचित्रकारानं इन्कार केला.

तुमच्या मोबाइलवर येणारे ‘पानाची छत्री धरलेला बेडूक’, ‘गोगलगायीवर बसलेला बेडूक’ हे फोटो बघताना जरा थबकत जा. असे बरेचसे फोटो पाळीव बेडकांना हातानं मांडून काढलेले असतात. बेडकाची कातडी ओली आणि झिरपणारी असते. आपल्या हाताला डास पळवायचं क्रीम लावलेलं असेल तर ते थेट त्याच्या अंगात जाऊ शकतं. आंबोलीत पावसाळ्यात रात्री मलबारचा उडता बेडूक बघायला जाल, हिरवागार, बोटांमध्ये केशरी पडदे असलेला, तर त्याला हात लावू नका, पानावरून उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवू नका. पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं दिसलं तर फांदी तर अजिबात हलवू नका. पिल्लं मोठी होऊन त्यातून थेट खालच्या पाण्यात पडायची असतात. फांदी सरकली तर ती दगडावर पडतील.

पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो, त्याच्यासाठी मोबाइलवर आवाज लावून बोलावणारे असतात. हा त्याचा विणीचा काळ. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय, म्हणून तो सगळं सोडून भांडायला धावत येतो. नसलेल्या शत्रूशी. फोटोत तो छाती फुगवून ऐटीत उभा दिसतो.

मग क्रिएटिव्ह काहीच करायचं नाही का? करायचं की. माझ्या मते फरक असा आहे: स्वतःच्या कॅमेऱ्याशी काय वाटेल ते खेळा, प्राण्याशी नको, आणि बघणाऱ्यापासून लपवू नका. काजव्यांचं उदाहरण घ्या. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरी नीट सुरू व्हायच्या आधी, राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकतात. एका फोटोत जे हजारो ठिपके दिसतात ते एका क्षणी कधीच दिसत नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा लावायचा, एफ २.८, आयएसओ १६०० च्या आसपास, २० ते ३० सेकंदांचा एकेक फोटो, असे तीस-चाळीस. संधिप्रकाश असतानाच पहिला फोटो काढून ठेवायचा, म्हणजे झाडाचा आकार आणि आकाशाची निळाई मिळते. मग कॅमेऱ्याला धक्काही न लावता अंधार पडू द्यायचा. घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून प्रत्येक जागेचा सगळ्यात उजळ बिंदू घ्यायचा. फोटोखाली स्पष्ट लिहायचं, ‘एकाच जागेवरून, एकाच संध्याकाळी काढलेले चाळीस फोटो एकत्र’. यात काजव्याला काही त्रास नाही आणि कुणाची फसवणूक नाही.

त्रास होतो तो उजेडानं. नर उडत उडत चमकतो, मादी खाली झुडपात बसून उत्तर देते. तो त्यांचा संवाद आहे आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचंच असतं. आपण गाडीचे दिवे चालू ठेवले, बॅटरी फिरवली, तर मादीचं उत्तर दिसतच नाही. गवतात घुसून चाललो तर ती पायाखाली येते.

एक श्रोता विचारतोय, बायको-नवऱ्यानं एकत्र हे करताना भांडणं होत नाहीत का. वर वाचलंत ना! पण एक फायदा आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की माणसाला बाकीचं दिसत नाही. म्हणून आम्ही दोघं एकाच वेळी फोटो काढत नाही. एक काढतो तेव्हा दुसरा नुसता प्राण्याकडे बघतो, आणि त्यानं “बास” म्हटलं की कॅमेरा खाली. का, कशाला, अजून एकच, असं काही विचारायचं नाही. वाद घरी येऊन घालायचा. गेल्या डिसेंबरात इंदापूरजवळ कडबनवाडीच्या माळावर चिंकाऱ्याची मादी आणि पाडस समोर होतं, ऊन मागून येत होतं, पाडसाच्या कानांतून प्रकाश लाल दिसत होता. माझी चौकट जवळजवळ जमली होती. नवरा म्हणाला, “बास. ती पाय आपटतेय.” मी कॅमेरा खाली ठेवला. तो फोटो माझ्याकडे नाही. गाडीत अर्धा तास मी त्याच्याशी बोलले नाही, तेही खरंय.

तर आता येत्या जूनमध्ये आम्ही काजव्यांना जाणार आहोत, गर्दी टाळायला आठवड्याच्या मधल्या दिवशी. तुम्ही जाणार असाल तर उजेड असतानाच जागेवर पोचा, वाटेच्या कडेला बसा, मोबाइलचा उजेड सगळ्यात कमी करा आणि बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधा, तीही फक्त पायाखाली. काळूचे फोटो ब्लॉगवर टाकायला नवऱ्यानं परवानगी दिलीय, ते या भागाखाली आहेत. बुलबुलाचा नाही टाकला. तुमच्या घरच्या मॉडेलांचे फोटो पाठवा, राखाडी आले असतील तरी चालतील. पुढच्या भागात कुकरची वेळ टाळून भेटू.